एका वारेवरची दोन बाळं

सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्यापडल्या जिला "एक मिनिट हं, मी मॅडमना बोलावते" असं ऐकावं लागलंय, तिच्यासाठी मी हे लिहितेय. ते एक मिनिट कसं जातं ते मला माहीत आहे. मॉनिटर तिकडे वळवलेला असतो, पोटावरची गार जेली सुकायला लागते आणि एसीचा आवाज एकदम मोठा ऐकू येतो. मी डॉक्टर नाही. लालबागला एका गाळ्यात मी बायकांचे ब्लाउज शिवते. तेव्हा इथे औषधांची नावं आणि आकडे शोधू नका, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला काय झालं आणि मी किती घाबरले एवढंच मी सांगणार आहे. खूप घाबरले होते. अजूनही घाबरते.

दोन इंच मार्जिन

माझं नाव स्वप्नाली. घर चिंचपोकळीला, चाळीत. निलेश म्हणजे माझा नवरा, सासूबाई आणि मी, अशी तीन माणसं. निलेश दादरला चष्म्याच्या दुकानात काम करतो. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल होत नव्हतं. सगळे उपाय झाले, सगळ्यांचे सल्ले ऐकून झाले, आणि मग आपण नाद सोडला असं म्हणतोय तोवर राहिलं. राहिलं ते एकदम दोन!

दादरच्या सोनोग्राफीवाल्या मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, "दोन आहेत, पण दोघांना वार एकच आहे. एकाच वारेतून दोघांना रक्त जातं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. चौथ्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी यायचं. एकही वेळ चुकवायची नाही." मी "दोन आहेत" एवढंच ऐकलं. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. निलेश तर जिना उतरताना दोनदा पायरी चुकला.

पहिल्या दोन तपासण्या नीट झाल्या. तिसरीच्या वेळी लग्नसराई ऐन भरात होती. एका नवरीचे अकरा ब्लाउज माझ्याकडे होते आणि तिची आई रोज येऊन डोक्यावर बसत होती. मी मॅडमच्या क्लिनिकला फोन केला, म्हटलं, पुढच्या गुरुवारी आले तर चालेल का? फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम रागावतील." मी म्हटलं, "रागवू दे, आठच दिवसांचा प्रश्न आहे." आणि फोन ठेवला.

आता ऐका. ज्या बाईच्या गळ्यात दिवसभर टेप असते, तिने काय केलं ते ऐका. चुलत नणंदेच्या साखरपुड्यासाठी मी माझा स्वतःचा घेरदार कुर्ता शिवत होते. सोमवारी माप घेतलं, कापड कापलं, दोन्ही बाजूंना एकेक इंच मार्जिन सोडलं. पुढच्या सोमवारी घालून बघितला तर पोटावर बसेना. टेप लावली. आठ दिवसांत सगळं मार्जिन संपलं होतं. कुठल्याही शहाण्या बाईने त्या क्षणी रिक्षा नाहीतर टॅक्सी पकडली असती. मी काय केलं? शिलाई उसवली, बाजूला जास्तीच्या कापडाची कळी जोडली आणि वर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं की बघा, कशी वाढताहेत माझी पोरं!

गाळ्यात येणाऱ्या बायकाही खूश. सासूबाई मूळच्या देवगडकडच्या, मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी बोली तीच. त्या म्हणाल्या, "जुळी आसत ती. पोट मोठा दिसतलाच." मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मला धाप लागत होती, पोट ढोलासारखं ताणलं होतं, कुठल्याच कुशीवर झोपवत नव्हतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की जुळ्यांचं असंच असतं. ही माझी चूक मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितेय, कारण तुमच्या हातून ती होऊ नये.

गुरुवार

गुरुवारी निलेशला सुट्टी नव्हती, मी एकटीच गेले. तिथली मुलगी नेहमीसारखी गप्पा मारत होती आणि मधेच गप्प झाली. मग ते "एक मिनिट हं."

मॅडम आल्या. मॉनिटर स्वतःकडे वळवून त्यांनी पुन्हा सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही. का?"

"मिस्टरांना बोलावून घ्या."

निलेश दादरलाच होता, दहा मिनिटांत धावत आला. कपाळावर घाम, हातात कुणाचा तरी अर्धवट जुळवलेला चष्मा. मॅडमनी आम्हाला समोर बसवलं आणि अगदी सोप्या भाषेत सांगितलं. वारेवर दोन्ही बाळांच्या नसा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यातून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात होतं आणि तेवढं परत येत नव्हतं. देणारं बाळ सुकत चाललं होतं. त्याच्याभोवती पाणीच उरलं नव्हतं, पिशवी अंगाला चिकटली होती. घेणाऱ्याकडे इतकं रक्त येत होतं की त्याच्या हृदयाला ते झेपत नव्हतं.

मी वेड्यासारखं विचारलं, "पण मॅडम, पोट तर किती छान वाढलंय?"

"बाळं नाही वाढली, स्वप्नाली. पाणी वाढलंय, घेणाऱ्या बाळाभोवतीचं."

मी विचारलं की मागच्या गुरुवारी आले असते तर? मॅडम म्हणाल्या, "कदाचित लवकर कळलं असतं. कदाचित तेव्हा काही दिसलंही नसतं. मला खरंच माहीत नाही." त्यांनी खोटं सांगून माझी समजूत काढली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते. काहीच केलं नाही तर? यावर त्या म्हणाल्या की बहुतेक दोन्ही जातील, आणि फार दिवस हातात नाहीत. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पोटातल्या बाळांवर लेझर करणारे डॉक्टर आहेत, आजच जा. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

आपल्याकडे मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, तशी सहीच घेतात. रिपोर्टवर फक्त ए आणि बी. टॅक्सीत निलेश म्हणाला, "मला ए-बी नको. मोठं आणि धाकटं म्हणूया." घेणारं ते मोठं आणि देणारं ते धाकटं. मग तो ड्रायव्हरला म्हणाला, "भाईसाब, धीरे, एकदम धीरे." पुलावरच्या प्रत्येक सांध्यावर टॅक्सी आदळली की तो माझ्या पोटावर हात ठेवत होता.

कागदावर काढलेली वार

लेझरचे डॉक्टर पन्नाशीचे, बारीक, फार हळू बोलणारे. त्यांनी पुन्हा तासभर तपासलं. मग पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनने एक गोल काढला, ही तुमची वार. त्यात डावीकडे एक टिंब, उजवीकडे एक टिंब, या दोन नाळा. मधे वेड्यावाकड्या रेघा, या नसा. सासूबाईही आल्या होत्या. आम्ही तिघं त्या कागदावर वाकून बसलो.

"तीन रस्ते आहेत," ते म्हणाले. "पहिला, पोटातून बारीक दुर्बीण घालायची आणि दोघांना जोडणाऱ्या ज्या नसा दिसतील त्या एकेक करून लेझरने बंद करायच्या. यात कमी वेळ लागतो. पण एखादी केसासारखी बारीक नस दिसलीच नाही तर ती राहते आणि त्रास पुन्हा सुरू होऊ शकतो. दुसरा रस्ता, तेच करायचं, आणि मग ते सगळे बंद केलेले ठिपके लेझरनेच जोडत जायचं. या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ. म्हणजे वारेचे दोन भाग झाले, ह्याचं त्याच्याकडे काही जायचं नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आधी एकेक टाका आणि मग वरून सलग शिलाई?"

त्यांनी वर बघितलं. "शिवणकाम करता का?"

"हो."

"मग बरोबर कळलंय तुम्हाला."

इतक्या भीतीतही मला बरं वाटलं, की आपल्याला काहीतरी कळतंय. पण पुढचं ऐकून ते सगळं गेलं. नसा जाळल्या की जोडणी सुटते, पण ज्याच्या वाट्याला वारेचा जेवढा भाग आलाय तेवढ्यावरच त्याला पुढे जगावं लागतं. धाकट्याचा भाग फार लहान होता. डॉक्टरांनी पेनाने दाखवला, लिंबाच्या फोडीएवढा. तो त्याला पुरेल का? ते म्हणाले, "सांगता येत नाही."

"आणि तिसरा?" निलेशने विचारलं.

"तिसरा रस्ता म्हणजे धाकट्याकडे जाणारं रक्तच लेझरने बंद करायचं. धाकटं जाईल. पण मोठ्यावरचा ताण थांबेल, आणि धाकटं पुढे आपोआप गेलं तर मोठ्याचं रक्त त्याच्याकडे धावायचा जो धोका असतो तोही टळेल." ते लगेच म्हणाले की खात्री कशाचीच नाही. कुठल्याही रस्त्यात पाणी फुटू शकतं, कळा सुरू होऊ शकतात, दोन्ही हातची जाऊ शकतात. पहिला आणि दुसरा यात ते स्वतः दुसराच करतात. तेव्हा आम्ही ठरवायचं ते दुसरा की तिसरा. उद्या सकाळपर्यंत.

मी विचारलं, "तुमच्या घरातली कोणी असती तर काय केलं असतं?"

"तुम्ही माझ्या घरातल्या नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं तर तुम्ही ते कराल, आणि पुढे जे होईल ते माझं होईल. ते तुमचं असायला हवं." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

भांडण

आम्ही कॅन्टीनबाहेरच्या बाकावर बसलो. चहा आणला तो कोणीच प्याला नाही. निलेश त्याचा चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत होता, घालत होता, परत पुसत होता. शेवटी म्हणाला, "दोघांना चान्स द्यायचा. रेघवालं करू."

सासूबाई खाली बघून म्हणाल्या, "एक तरी हाताक लागूंदे, बाय. सहा वर्सां झाली. दोघांच्या नादात दोनय गेली तर?"

मी एकदम ओरडले. "आई, तुम्ही यात बोलू नका! पोट माझं आहे!" बाकीचे लोक वळून बघायला लागले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि उठून लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सहा वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते.

इथे सगळं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. त्या जे बोलल्या तेच माझ्याही मनात आलेलं होतं. कागदावरची ती लिंबाची फोड बघितली तेव्हाच आलं होतं. माझ्या मनातलं त्यांच्या तोंडून ऐकलं म्हणून मी ओरडले.

शेजारचा पलंग

मला तेव्हाच दाखल करून घेतलं. शेजारच्या पलंगावर प्रज्ञा होती, माझ्याच वयाची, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी, बँकेत नोकरीला. तिलाही एका वारेची जुळी. तिचं आदल्या दिवशीच लेझर झालं होतं, पण वेगळं. तिच्या एका बाळाचं हृदयच तयार झालं नव्हतं. ते दुसऱ्याच्या रक्तावर वाढत होतं आणि दुसऱ्याला दमवत होतं. डॉक्टरांनी सुईतून लेझर घालून त्याच्याकडे जाणारं रक्त बंद केलं होतं.

मला वाटलं होतं की हिला सोपं गेलं असेल. मी तसं म्हणालेही, मला कुठे कळत होतं तेव्हा काय बोलावं!

प्रज्ञा म्हणाली, "सगळे हेच म्हणतात. ते बाळ नव्हतंच गं, असं समज. पण माझ्या प्रत्येक रिपोर्टवर दोन लिहिलं होतं ना. मी दोघांशी बोलायचे."

मी तिला आमचं सगळं सांगितलं आणि विचारलं, तू काय केलं असतंस?

"मला निवडायला काही नव्हतं. तुला आहे म्हणून तुझी ही हालत आहे. मला विचारू नको. पण नंतर 'असं केलं असतं तर' हे येणारच आहे, काहीही कर. कुठलं ऐकत तुला जगता येईल, तेवढं बघ."

सकाळी मी रेघेवर सही केली. लोक नंतर म्हणाले, किती धीराची तू, दोघांसाठी लढलीस. कसला धीर? एकाला मुद्दाम घालवायच्या कागदावर सही करायची माझी छाती झाली नाही, एवढंच. भित्री होते म्हणून दोघांना ठेवलं.

रेघ

या ऑपरेशनमध्ये आई जागी असते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवते. पोटाचा तेवढा भाग बधिर करतात आणि अंगावर हिरवी चादर टाकतात. दुखलं नाही फार, पण आत काहीतरी हलतंय, ओढल्यासारखं होतंय, ते सगळं कळत होतं. माझे पाय थाडथाड उडत होते. थंडीने नाही, भीतीने. डॉक्टर म्हणाले, "स्वप्नालीताई, हलायचं नाही." मी म्हटलं, "मी नाही हलत हो, पायच हलतात!" तेव्हा एका सिस्टरने माझे दोन्ही घोटे घट्ट धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत. तिचा चेहरासुद्धा मी बघितला नाही.

स्क्रीन मला तिरका दिसत होता. लालसर पाणी, त्यात वारेच्या जाड-बारीक नसा, आणि एकदा मधेच एक हात आला. पाच बोटं. मोठ्याचा हात होता तो, दुर्बिणीसमोरून गेला. डॉक्टर म्हणाले, "बाजूला हो रे बाबा," आणि खोलीतले सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना पोट हलेल म्हणून घाबरून लगेच थांबले. धाकटं दिसलंच नाही, ते त्याच्या पडद्यात कोपऱ्यात चिकटून होतं. लेझरचा ठिपका पडला की नस पांढरी पडायची. डॉक्टर मोजत होते. मग म्हणाले, "आता शिलाई मारतोय." माझ्यासाठीच म्हणाले असावेत.

शेवटी जास्तीचं पाणी काढलं. पोट उतरत गेलं तसा माझा श्वास मोकळा होत गेला, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. या सगळ्यात एवढं एक सुख होतं.

शू

दुसऱ्या दिवशी दोन्ही ठोके लागले. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, "हे बघा, धाकट्याची लघवीची पिशवी भरलेली दिसतेय." म्हणजे धाकट्याला आता रक्त पुरत होतं, शू तयार होत होती. निलेशने कॉरिडॉरमध्ये येऊन जोरात सांगितलं, "धाकट्याला शू झाली!" माणसं काय काय झाल्याचे पेढे वाटतात, आमच्या सासूबाईंनी शू झाल्याचे वाटले, सगळ्या वॉर्डात. माझ्या हातावर पेढा ठेवताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खा गो." कॅन्टीनच्या भांडणानंतर आमचं तेवढंच पहिलं बोलणं.

पाचव्या दिवशी घरी आले. गाळा बंद. पडून राहायचं, आठवड्याला तपासणी. प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी माझं जेवण बंद व्हायचं. दोन ठोके ऐकले की सात दिवसांची मुदत मिळाल्यासारखं वाटायचं, पण त्यातले पाच दिवस पुढच्या भीतीतच जायचे.

चौथ्या तपासणीला एकच ठोका लागला.

डॉक्टरांनी मशीन फिरवून फिरवून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, स्क्रीनकडे नाही. ते म्हणाले, "धाकटं गेलं, स्वप्नालीताई. वारेचा त्याचा वाटा पुरला नाही."

मी रडले नाही. मला रडायलासुद्धा भीती वाटत होती, पोट हललं आणि मोठ्याला काही झालं तर? तेच विचारलं. "मोठं?"

"रेघ पूर्ण झालीय. नसा जोडलेल्या असत्या तर एक गेल्यावर दुसऱ्याचं रक्त त्याच्याकडे धावलं असतं, ते आता होणार नाही. पण मी तीन-चार आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय करून बघेन."

म्हणजे जे लेझर फसलं असं मला वाटत होतं, त्याच लेझरने मोठ्याला वाचवलं होतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की धाकटं माझ्या पोटातच राहणार, आणि मोठं त्याच्या शेजारी.

दोघं सोबत

धाकटं गेल्यानंतरचे ते अकरा आठवडे मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, जुळी ना?" मी "हो" म्हणायचे. खोटं नव्हतंच ते. मोठ्याने लाथ मारली की जीवात जीव यायचा, आणि अर्धा तास मारली नाही की मी साखरेचं पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडायचे आणि मोजत बसायचे. एकदा तासभर काहीच हललं नाही. निलेश दुकानातून तसाच आला आणि आम्ही परळला धावलो, तर बाळ झोपलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "दहा वेळा या." एमआरआय चांगला आला, तरी माझी भीती काही कमी झाली नाही.

सासूबाई "मी म्हटलं होतं ना" असं कधी म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, खरं तर. त्या म्हणाल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या भात, डाळ, पेज, सगळं हातात आणून द्यायच्या आणि निघून जायच्या. सातव्या महिन्यात चाळीतल्या चार बायका डोहाळजेवणाचं विचारायला आल्या, झोपाळा कुठे बांधायचा, फुलांची वाडी कोण करणार. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "करूचा नाय," एवढंच म्हणाल्या. बायका गेल्या. मला वाटलं, एकाचं कसलं डोहाळजेवण, असं त्यांच्या मनात असेल. मला राग आला, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

प्रज्ञाचा फोन अधूनमधून यायचा. तिचं बाळ नीट वाढत होतं. मी धाकट्याचं सांगितलं तेव्हा ती "धीर धर" असं म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

मार्चमधली दुपार

मार्चमध्ये, आठव्या महिन्यात, दुपारी तांदूळ निवडत बसले होते आणि पाणी फुटलं. टॅक्सी, परळ, सही, ऑपरेशन, सगळं तासाभरात. चादरीपलीकडून रडणं ऐकू आलं. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं, पण रडणं! "मुलगी आहे," कोणीतरी म्हणालं. मला एक क्षण फक्त दाखवली आणि काचेच्या पेटीत ठेवायला वर नेली. ती आता दहा महिन्यांची आहे, रांगते, गाळ्यातल्या चिंध्या तोंडात घालते, आणि तिला साधी शिंक आली तरी मी टॅक्सी शोधायला लागते. ही भीती गेलेली नाही. जाईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलंय.

मला बाहेरच्या खोलीत आणलं होतं. निलेश आणि सासूबाई पलंगापाशी. सिस्टर एक छोटा ट्रे घेऊन आली, वर पांढरं फडकं. हळू आवाजात म्हणाली, "दुसरं बाळ. तीही मुलगीच होती. बघायचं असेल तर बघा, पण फार दिवस झालेत, बाळासारखी दिसणार नाही. नको असेल तरी चालतं."

निलेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, "नको." माझ्यात बळ नव्हतं. अकरा आठवडे पोटात बाळगली आणि बघायला घाबरले.

सासूबाई पुढे झाल्या. "माझ्याकडे द्या."

स्टुलावर बसून त्यांनी पदर मांडीवर पसरला, ते मुटकुळं त्यावर घेतलं आणि फडक्याची घडी उलगडली. तोंड न वळवता, न रडता, बघत राहिल्या. तेवढ्यात वरून निरोप आला, की आजीने यायचं असेल तर आत्ताच या, बाळाला दहा मिनिटंच बघता येईल. निलेश म्हणाला, "आई, चल ना. मोठीला बघून ये."

"तू जा," त्या म्हणाल्या. "तिका बघूक जलमभर आसा. हिका आजचो दिवसच."

मग त्यांनी दोन बोटांनी फडकं थोडं आणखी बाजूला केलं आणि मला म्हणाल्या, "हातांची बोटां सगळी आसत गो हिची. मी मोजलंय."

मी हात पुढे केले आणि म्हटलं, "आई, द्या माझ्याकडे."